व्यायामविज्ञानातील पदव्युत्तर शिक्षण

व्यायामविज्ञानातील पदव्युत्तर शिक्षण म्हणजे शारीरिक श्रमाचे मानवी शरीरावर होणारे परिणाम आणि त्यांच्या आधारे आखले जाणारे प्रशिक्षण यांचा पदवीनंतरचा विद्यापीठीय अभ्यास होय. शरीरक्रियाविज्ञान, जीवयांत्रिकी, क्रीडा मानसशास्त्र, आहारशास्त्र, सांख्यिकी आणि प्रशिक्षणाचे सिद्धान्त हे त्याचे मुख्य घटक आहेत. भारतात हे शिक्षण प्रामुख्याने एम.पी.एड. या पदवीतून दिले जाते. अलीकडे क्रीडाविज्ञान व क्रीडा प्रशिक्षण या विषयांतील एम.एस्सी. पदव्याही सुरू झाल्या आहेत. पदवीच्या पातळीवर विद्यार्थी व्यायाम करवून घ्यायला शिकतो. पदव्युत्तर पातळीवर अमुक व्यायाम अमुक व्यक्तीला का द्यावा, हे त्याने पुराव्यानिशी सांगावे अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा कितपत पूर्ण होते, हा या विद्याशाखेतील जुना वाद आहे.

नाव आणि व्याप्ती

‘शारीरिक शिक्षण’, ‘क्रीडाविज्ञान’ आणि ‘व्यायामविज्ञान’ ही नावे व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरली जात असली, तरी त्यांचा रोख वेगळा आहे. शारीरिक शिक्षणाचा उगम शाळेत आहे आणि शिक्षक घडवणे हा त्याचा मूळ हेतू आहे. क्रीडाविज्ञान स्पर्धात्मक खेळाडूच्या कामगिरीकडे पाहते. व्यायामविज्ञानाचा विषय त्याहून व्यापक असून त्यात खेळाडूबरोबरच मधुमेही, वृद्ध, गर्भवती स्त्री, गिरणी कामगार आणि सैनिक या सर्वांच्या श्रमाचा विचार होतो. क्रीडावैद्यक आणि भौतिकोपचार ही याला लागून असलेली, परंतु स्वतंत्र क्षेत्रे होत.

इतिहास

स्नायूंच्या कार्याचा आधुनिक अभ्यास व्यायामशाळेत नव्हे, तर शरीरक्रियाविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सुरू झाला. केशवाहिन्यांतील रक्तप्रवाहाच्या नियमनावरील कार्यासाठी डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांना १९२०चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्नायूंतील उष्णतेवरील संशोधनासाठी ब्रिटनचे ए. व्ही. हिल आणि स्नायूंच्या रसायनशास्त्रासाठी जर्मनीचे ओटो मायरहोफ यांना १९२२चे पारितोषिक विभागून देण्यात आले. हिल स्वतः धावपटू होते. मँचेस्टर येथे गवताच्या धावपट्टीवर पाठीला पिशवी बांधून, उच्छ्वासाची हवा त्या पिशवीत गोळा करत ते व त्यांचे सहकारी धावले. धावण्याचा वेग वाढवत नेला तरी एका मर्यादेपलीकडे शरीर अधिक प्राणवायू घेऊ शकत नाही, ही कल्पना या प्रयोगांतून १९२३च्या सुमारास पुढे आली. प्रशिक्षक आज जिला ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात, ती कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता हीच होय.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १९२७ साली ‘हार्वर्ड फटीग लॅबोरेटरी’ ही थकव्याचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा स्थापन झाली. डेव्हिड ब्रूस डिल यांच्या देखरेखीखाली येथे उष्णता, उंची, कुपोषण आणि श्रम यांचे परिणाम मोजले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, ती बंद करण्यात आली. तेथील संशोधक मात्र अनेक विद्यापीठांत विखुरले आणि त्यांनी नव्या प्रयोगशाळा उभ्या केल्या. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे स्थापन केलेल्या केंद्रीय व्यायाम संस्थेत हा विषय शिक्षक-प्रशिक्षणाच्या अंगाने वाढला. पेर-ओलोफ ओस्ट्रँड यांनी तेथेच श्रमाच्या शरीरक्रियाविज्ञानाला पाठ्यपुस्तकाचे रूप दिले.

पदव्युत्तर शिक्षणाच्या दृष्टीने निर्णायक घटना अमेरिकेत घडली, आणि ती प्रयोगशाळेतील नव्हती. हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स ब्रायंट कोनंट यांनी १९६३ मध्ये अमेरिकी शिक्षकांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिले. शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत बौद्धिक आशय इतका थोडा आहे की ते बंदच करावेत, असे मत त्यांनी त्यात मांडले. ज्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात हार्वर्डची वरील प्रयोगशाळा बंद झाली, त्यांनीच हा आरोप करावा, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील फ्रँकलिन हेन्री यांनी एका लेखातून शारीरिक शिक्षण ही स्वतंत्र ज्ञानशाखा असल्याचे प्रतिपादन केले. मानवी हालचाल हा मुळातच अभ्यासण्याजोगा विषय आहे, शिक्षकाच्या नोकरीसाठी तो उपयोगी पडतो की नाही हा नंतरचा प्रश्न, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत अमेरिकेतील अनेक विभागांनी आपली नावे बदलली, शरीरक्रियाविज्ञान व जीवयांत्रिकीचे स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केले आणि लघुप्रबंधाला महत्त्व दिले. या बदलाची किंमतही मोजावी लागली. प्रयोगशाळा समृद्ध झाली, पण मैदानावर प्रत्यक्ष शिकवण्याचा अनुभव अभ्यासक्रमातून मागे पडला, अशी तक्रार तेव्हापासून होत आली आहे.

पूर्व युरोपात वाट निराळी होती. सोव्हिएत संघात लेव मॅत्वेयेव्ह यांनी १९६०च्या दशकात वर्षभराच्या सरावाचे तयारी, स्पर्धा आणि विश्रांती असे टप्पे पाडण्याचा सिद्धान्त मांडला. पूर्व जर्मनीत लाइपझिग येथील शारीरिक संस्कृतीच्या उच्चशिक्षण संस्थेत प्रशिक्षकपद हाच पदवीचा विषय होता. ही संस्था जर्मनीच्या एकीकरणाच्या वेळी, १९९० मध्ये, बंद झाली. त्या देशातील राज्यपुरस्कृत उत्तेजक द्रव्यांच्या वापराची कागदपत्रे नंतर उजेडात आल्याने, त्या काळच्या यशातील प्रशिक्षणशास्त्राचा वाटा किती आणि औषधांचा किती, हे वेगळे करणे कठीण झाले आहे.

भारतातील विकास

भारतात मल्लविद्या, मल्लखांब आणि योग यांची परंपरा जुनी असली, तरी या विषयाचे महाविद्यालयीन शिक्षण विसाव्या शतकातले आहे. मद्रास येथे हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. अमरावती येथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ त्याआधीपासून, १९१४ पासून, कार्यरत होते. या मंडळाच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. बडोदे येथून प्रसिद्ध झालेला, द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा मराठीतील या विषयाचा मोठा संदर्भग्रंथ आहे.

मोजमापाच्या दृष्टीने स्वामी कुवलयानंद यांचे कार्य वेगळे उठून दिसते. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था व ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळी शरीरातील पोकळ्यांत होणारे दाबाचे बदल त्यांनी उपकरणांनी मोजले आणि क्ष-किरण चित्रांच्या साहाय्याने तपासले. योगाभ्यासकाच्या अनुभवाला आकडा देण्याचा हा प्रयत्न हार्वर्डच्या प्रयोगशाळेआधीचा आहे. तरीही शारीरिक शिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांत हार्वर्डला जेवढी पाने मिळतात, तेवढी लोणावळ्याला मिळत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये, अठराशे सत्तावनच्या शताब्दी वर्षात, ग्वाल्हेर येथे लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापन झाले. त्याला १९९५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पतियाळा येथे १९६१ मध्ये महाराजांच्या मोतीबाग राजवाड्यात राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. तिची प्रशिक्षक पदविका ही देशातील खेळाच्या प्रशिक्षकांची सर्वांत परिचित पात्रता ठरली. या दोन संस्थांमुळे भारतात एक विभागणी पक्की झाली: शिक्षक ग्वाल्हेरच्या वाटेने आणि प्रशिक्षक पतियाळाच्या वाटेने. मणिपूरमधील राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ (२०१८) आणि ज्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाने २०२० मध्ये विधेयक संमत केले ते पुण्यातील आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ यांच्या स्थापनेमागे ही दरी बुजवण्याचाही विचार आहे.

प्रवेश आणि अभ्यासक्रम

एम.पी.एड. हा राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनुसार दोन वर्षांचा, चार सत्रांचा अभ्यासक्रम आहे. बी.पी.एड. किंवा शारीरिक शिक्षणातील समकक्ष पदवी ही त्याची सर्वसाधारण अट असते. महाराष्ट्रात प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची लेखी परीक्षा आणि मैदानी चाचणी द्यावी लागते. ब्रिटनमध्ये एम.एस्सी. बहुधा एका वर्षाची असते.

मूलभूत विषयांत विद्यार्थ्याला अनेकदा पूर्वी पाठ केलेल्या गोष्टी विसराव्या लागतात. त्याचे ठळक उदाहरण लॅक्टिक आम्लाचे आहे. जोराच्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होणारी अंगदुखी हे आम्ल साठल्याने होते, असे मैदानावर आजही सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात रक्तातील लॅक्टेट व्यायामानंतर साधारण तासाभरात पूर्वपदावर येते, तर अंगदुखी २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते. दोहोंचा कार्यकारणसंबंध वेळेच्या हिशेबातच बसत नाही. लॅक्टेट हे टाकाऊ विष नसून हृदय व इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, ही गोष्ट अमेरिकी शास्त्रज्ञ जॉर्ज ब्रुक्स यांच्या १९८०च्या दशकातील कार्यानंतर पाठ्यपुस्तकांत रुळली.

प्रशिक्षण सिद्धान्ताच्या विषयात भार हळूहळू वाढवणे, शरीराने ज्या प्रकारचा भार घेतला त्याच प्रकारचे बदल त्यात घडणे, सराव थांबताच कमावलेले गमावणे आणि स्पर्धेआधी सराव कमी करून थकवा उतरू देणे ही तत्त्वे शिकवली जातात. आखाड्यातल्या वस्तादांना यांतले काहीच नवे नाही. नवे असते ते किती, किती दिवस आणि कशावरून हे विचारणे.

प्रयोगशाळा

श्वसनवायूंचे थेट विश्लेषण करणारी यंत्रे महाग असल्याने अनेक महाविद्यालयांत अप्रत्यक्ष चाचण्यांवर काम भागवले जाते. त्यांतली सर्वाधिक प्रचलित हार्वर्ड स्टेप टेस्ट ही होय. ती निर्माण करणारी प्रयोगशाळा १९४७ मध्ये बंद झाली, पण चाचणी भारतीय महाविद्यालयांत टिकून आहे. पुरुषांसाठी २० इंच उंचीच्या बाकावर मिनिटाला ३० वेळा या गतीने पाच मिनिटे चढउतार करायची असते. थांबल्यानंतर १ ते १½, २ ते २½ आणि ३ ते ३½ मिनिटे या तीन अर्ध्या मिनिटांतील नाडीचे ठोके मोजतात. चढउतारीचे एकूण सेकंद गुणिले १०० या संख्येला तिन्ही नोंदींच्या बेरजेच्या दुपटीने भागले की निर्देशांक मिळतो. पाच मिनिटे पूर्ण करणाऱ्याचे ठोके ८०, ६५ आणि ५५ भरले, तर बेरीज २०० होते आणि निर्देशांक ३०,००० भागिले ४०० म्हणजे ७५ येतो.

पदवीचा विद्यार्थी येथे थांबतो आणि तक्त्यात ७५ समोर काय लिहिले आहे ते पाहतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याने पुढे जावे अशी अपेक्षा असते. बाकाची उंची सर्वांना सारखीच असल्याने आखूड पायांच्या माणसाला तीच चढण अधिक कष्टाची पडते. नाडी बोटांनी मोजताना एकदोन ठोक्यांची चूक सहज होते. दुपारच्या उन्हात, चहानंतर किंवा अपुऱ्या झोपेनंतर ठोके वाढलेले असतात. शिवाय हा निर्देशांक अमेरिकी तरुणांच्या नोंदींवरून बेतलेला आहे. यांतले काय दुरुस्त करता येते आणि काय नुसते नोंदवून ठेवावे लागते, हे ठरवण्यात या विषयाचे निम्मे शिक्षण आहे.

सरासरी आणि व्यक्ती

या विद्याशाखेचा गाभ्याचा प्रश्न असा की संशोधन गटावर होते, पण सराव एका माणसाला द्यायचा असतो. २२० उणे वय हे कमाल हृदयगतीचे सूत्र याचे परिचित उदाहरण आहे. जिममधील फलकांपासून मनगटावरच्या घड्याळांपर्यंत ते सर्वत्र आढळते. फॉक्स आणि हॅस्केल यांच्या १९७१च्या लिखाणातून प्रसार पावलेले हे सूत्र खास त्यासाठी केलेल्या प्रयोगातून आलेले नसून, इतरांच्या आकडेवारीवरून ढोबळपणे काढलेले होते. त्यातील प्रमाणित विचलन सुमारे १० ते १२ ठोक्यांचे आहे. चाळिशीच्या व्यक्तीला सूत्र १८० हा आकडा देते. प्रत्यक्षात अशा लोकांपैकी सुमारे दोनतृतीयांश १६८ ते १९२ या पट्ट्यात असतात आणि उरलेले त्याच्याही बाहेर. ज्याची खरी कमाल गती १६२ आहे त्याला १८०च्या ८५ टक्क्यांवर, म्हणजे १५३ ठोक्यांवर, धावायला सांगितले, तर मध्यम म्हणून दिलेला व्यायाम त्याच्यासाठी जवळजवळ जीव तोडून करण्याचा ठरतो.

उत्तर अमेरिकेत झालेल्या ‘हेरिटेज’ कुटुंब अभ्यासाने हा प्रश्न अधिक टोकदार केला. बैठ्या जीवनशैलीच्या कुटुंबांतील व्यक्तींना वीस आठवडे सायकल-यंत्रावर सारख्याच पद्धतीचा सराव देण्यात आला. क्लॉड बुशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षांनुसार कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता सरासरीने मिनिटाला सुमारे ४०० मि.ली. वाढली. परंतु काहींच्यात वाढ जवळजवळ शून्य होती, तर काहींच्यात १,००० मि.ली.पेक्षा अधिक. एकाच कुटुंबातील व्यक्तींचा प्रतिसाद परस्परांशी मिळताजुळता असल्याचेही दिसले. ‘व्यायामाला प्रतिसाद न देणारे’ असा शब्दप्रयोग यातून रूढ झाला. तो कितपत योग्य, यावर मात्र मतभेद आहेत. प्रत्येक मोजणीत चूक आणि रोजचा चढउतार असतोच; सरावपूर्व आणि सरावोत्तर अशा दोन मोजण्यांची वजाबाकी केली की त्या चुका बेरजेत येतात, आणि काहींची ‘शून्य वाढ’ ही केवळ मोजणीची करामत असू शकते, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. सरावाचे प्रमाण वाढवल्यावर प्रतिसाद न देणारे उरत नाहीत, असेही काही प्रयोगांत आढळले. ‘तुझ्या अंगात ते नाहीच’ असे सोळा वर्षांच्या मुलीला सांगणाऱ्या प्रशिक्षकाने हा वाद समजून घेतलेला असणे आवश्यक ठरते.

लघुप्रबंध आणि संशोधन

भारतातील एम.पी.एड.च्या लघुप्रबंधाचा साचा ठरलेला आहे. एका वसतिगृहातील किंवा महाविद्यालयातील खेळाडू निवडायचे, निम्म्यांना सहा ते बारा आठवडे उडीचे, वजनाचे किंवा योगाचे प्रशिक्षण द्यायचे, उरलेल्यांना नियंत्रित गट म्हणायचे आणि आधीच्या व नंतरच्या चाचण्यांची तुलना करायची. अडचण अशी की नियंत्रित गट बहुधा काहीच करत नाही. त्यामुळे व्यायाम केल्याने व्यायाम न करण्यापेक्षा फायदा होतो, एवढेच सिद्ध होते, आणि त्यासाठी लघुप्रबंधाची गरज नसते. प्रशिक्षण देणारा आणि मोजणारा एकच विद्यार्थी असणे, ही दुसरी त्रुटी.

नमुना लहान असणे हा मात्र आपोआप दोष ठरत नाही. स्वीडनमधील योनास बर्गस्ट्रोम आणि एरिक हल्टमन यांनी १९६६ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात केवळ दोन व्यक्ती होत्या, आणि त्या म्हणजे ते स्वतः. एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसून दोघांनी एकेका पायाने ती दमेपर्यंत चालवली. नंतरचे तीन दिवस पिष्टमय आहार घेऊन दोन्ही मांड्यांतील स्नायूंचे सूक्ष्म तुकडे सुईने काढून तपासले. व्यायाम केलेल्या पायात ग्लायकोजेनचा साठा विश्रांती घेतलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट भरला होता. आहार, झोप, आनुवंशिकता या सर्व बाबी दोन्ही पायांना समान असल्याने फरकाचे कारण व्यायामातच शोधावे लागले. मॅरेथॉनपूर्वीच्या पिष्टमय आहाराची पद्धत या प्रयोगावर उभी आहे.

पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर ठेवले जातात. एम.पी.एड.चे लघुप्रबंध तेथे नसतात. ते महाविद्यालयाच्या कपाटात राहतात. ज्यांत फरक आढळला नाही असे लघुप्रबंध तर क्वचितच कोणी वाचते, आणि तोच प्रयोग शेजारच्या जिल्ह्यात पुन्हा केला जातो.

स्त्रियांवरील संशोधनाची उणीव

ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये १९२८ साली स्त्रियांची ८०० मीटर शर्यत झाली. त्यानंतर ती वगळण्यात आली आणि थेट १९६० मध्ये परत आली. स्त्रियांची ऑलिंपिक मॅरेथॉन १९८४ पर्यंत नव्हती. स्पर्धेतील हा नकार प्रयोगशाळेतही उतरला. मासिक पाळीमुळे नोंदींत गुंतागुंत होते, या कारणाने संशोधक पुरुषच निवडत राहिले आणि पुरुषांवरील निष्कर्ष स्त्रियांना लागू करत राहिले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंमधील सापेक्ष ऊर्जा-न्यूनतेची संकल्पना मांडली. श्रमाच्या मानाने आहार अपुरा पडला की पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे कमकुवत होतात आणि कामगिरी घटते. पाळी बंद होणे हे चांगल्या सरावाचे लक्षण मानणारे प्रशिक्षक आजही आढळतात. त्यामुळे हा भाग अभ्यासक्रमात एखाद्या प्रकरणापुरता असणे पुरेसे मानता येत नाही.

पात्रता, रोजगार आणि मर्यादा

महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकपदासाठी पदव्युत्तर पदवीसोबत नेट किंवा सेट परीक्षा, अथवा पीएच.डी. लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत या पदासाठी शारीरिक क्षमतेची चाचणीही आहे. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १,८०० मीटर, तर स्त्री उमेदवाराने ८ मिनिटांत १,००० मीटर अंतर कापावे लागते. प्राध्यापकवर्गीय पदासाठी धावण्याची अट असणारे हे बहुधा एकमेव क्षेत्र असावे.

इतर रोजगार क्रीडा प्रबोधिन्या, खासगी संघ, रुग्णालयांतील पुनर्वसन विभाग, सैन्यदले आणि व्यायामशाळा यांत असतात. ऑस्ट्रेलियात मान्यताप्राप्त व्यायाम-शरीरक्रियातज्ज्ञाची सेवा २००६ पासून सार्वजनिक आरोग्य विमा योजनेत अंतर्भूत आहे. भारतात भौतिकोपचारतज्ज्ञांसाठी २०२१च्या संबंधित आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याची चौकट आहे. एम.पी.एड. किंवा क्रीडाविज्ञानातील एम.एस्सी. ही मात्र उपचाराचा परवाना देणारी पदवी नव्हे. छातीत दुखणे, चक्कर येणे, भोवळ येऊन पडणे अशा तक्रारी असलेल्या व्यक्तीला व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे पाठवणे, आणि गुडघ्याच्या दुखापतीचे निदान स्वतः न करणे, हे या पदवीधराच्या कामाच्या सीमारेषेचे भाग आहेत. तालुक्याच्या ठिकाणी भौतिकोपचारतज्ज्ञ नसल्यास खेळाडू आधी क्रीडाशिक्षकाकडेच येतो, आणि ही सीमारेषा पाळण्याची खरी कसोटी तेथे लागते.